उकिडवे सरांच्या चित्रांतल्या सावल्या

अनिता मूळची जिते गावची. स्टेशनच्या पलीकडे घर, घरामागे भाताची खाचरं, आणि भात निघालं की त्याच जमिनीत वाल. बारावीला इंग्रजीत नापास झाली. पुढच्या आठवड्यात ती शेजारणींबरोबर हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात जाऊ लागली. पहिलं वर्ष मूर्ती घासण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी पांढरा हात मारायला मिळाला. तिसऱ्या वर्षी केरूमामांनी तिच्या हातात रंग फवारायची गन दिली.

केरूमामा तिथले सर्वांत जुने कारागीर. कारखान्यात एक साचा इतका झिजला होता की त्यातून निघणाऱ्या मूर्तीच्या पितांबराला घड्याच पडत नसत. मांडीवर नुसता सपाट पाट. मालक तो साचा टाकून द्यायला निघाले होते. मामांनी त्यातलीच एक मूर्ती अनितासमोर ठेवली.

"घडी रंगवू नको," ते म्हणाले. "घडीची सावली रंगव. घडी आपोआप दिसंल. आणि उजेड कुठनं येतो ते आधी ठरव. एकदा डावीकडनं धरलास की मूर्ती पुरी होईपर्यंत डावीकडनंच."

तिनं तसं केलं. कडेला चिकटून एक बारीक गडद रेघ, तिच्याबाहेर पातळ होत गेलेला धुरकट रंग, आणि वरच्या कडेवर केसाएवढा पांढरा. त्या वर्षी गिऱ्हाइकं आली की पितांबराच्या घडीत बोट घालायला जायची आणि बोट सपाट पृष्ठभागावर अडायचं. मग ती हसायची. अनिताला त्या हसण्याची चटक लागली. डोळ्यांची आखणी मात्र मामा स्वतः करत; ती बायकांकडे कधी आली नाही. तिनंही कधी मागितली नाही. आठ वर्षं तिनं कापडच रंगवलं.

लग्न होऊन ती रोह्याला आली. नवरा नितेश कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होता, शिफ्टमध्ये. गावातलं घर तीन भावांत वाटलं गेलं तेव्हा नितेशच्या वाट्याला पडवी आली, आणि पुढच्याच वर्षी ठेकेदार बदलला तशी नोकरीही गेली. त्या सुमारास कुंडलिकेच्या काठी एका मुंबईच्या चित्रकाराच्या बंगल्याला राखणदार जोडपं हवं असल्याचं कळलं. बंगल्यामागे दोन खोल्या, पाण्याचा नळ, वर महिन्याचा पगार. नितेश, अनिता आणि नितेशची आई कृष्णाबाई असे तिघं तिथं राहायला गेले. कृष्णाबाईंनी पहिल्याच दिवशी खोल्यांमागे अळू लावलं. आता इथून हलायचं नाही, असं त्या अळवाला सांगितल्यासारखं मोठ्यानं म्हणाल्या.

चित्रकाराचं नाव दत्तात्रेय उकिडवे. सगळे त्यांना सर म्हणत. सर एकटे, सत्तरीला आलेले, बोलायला मऊ. त्यांची चित्रं म्हणजे नुसते रंग. माणूस नाही, झाड नाही, देव नाही. कमरेएवढ्या उंच कॅनव्हासवर एक तांबडा फटकारा, खाली राखाडी पट्टा, झालं चित्र. अनिता स्टुडिओ झाडायला जायची तेव्हा ती चित्रं बघत उभी राहायची. तिला ती आवडायची, पण काहीतरी राहिलंय असं वाटायचं. एकदा तिच्या तोंडून निघूनच गेलं.

"सर, ह्या तांबड्याला खालनं सावली दिली तर तो उचलून येईल."

सर वळले. "उचलून म्हणजे?"

"म्हणजे कॅनव्हासवर चिकटलेला नाय दिसणार. हवेत दिसेल."

सरांनी कोपऱ्यात टाकून दिलेला एक कॅनव्हास तिच्यापुढे ठेवला. तिनं हात धुतले, पदर खोचला आणि जेवणवेळेपर्यंत काम केलं. सावलीला काळा घेतला नाही. राखाडीतच थोडा निळा आणि तोच तांबडा मिसळला. फटकाऱ्याच्या डाव्या टोकाशी सावली चिकटून, उजवीकडे हळूहळू सुटत गेलेली. काम संपलं तेव्हा तो तांबडा रंग कॅनव्हासपासून चार बोटं पुढे तरंगत होता. वाऱ्यानं हलेल असा.

सर जवळ आले. त्यांनी फटकाऱ्याच्या टोकाखाली नख घालून बघितलं. नख सरळ कापडावर घासलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "ह्यात काहीच नाहीये, अनिता. तरी हात लावावासा वाटतो."

तिथून सुरुवात झाली. पहिल्या वर्षी सर रंग लावत आणि ती सावल्या घाली. मग सर म्हणाले, नुसता फटकारा नको, कागद दुमडल्यासारखं कर. तिनं निळ्या सपाटीला मधोमध घडी घातली. मग फाटलेली कड आली, अर्धवट सुटून वळलेली चिकटपट्टी आली, आता ओघळेल असा थेंब आला, भिंतीपर्यंत आरपार गेल्यासारखं भोक आलं. चित्रात गोष्ट कसलीच नव्हती. रंगच वस्तू झाला होता. सरांच्या नव्या चित्रांबद्दल पेपरात लिहून आलं, सपाटीशी खेळणारा प्रतिभावंत असं काहीतरी. सरांनी ते कात्रण तिला वाचून दाखवलं. वाचताना त्यांचा कागद थरथरत होता. तेव्हा तिला वाटलं, आनंदानं.

तो आजार होता. चौथ्या वर्षापर्यंत सरांना चहाचा कप दोन हातांनी धरावा लागू लागला. रंग कुठला हवा ते ते खुर्चीत बसून सांगत, पुष्कळदा बरोबर सांगत. बाकी सगळं अनिता करी. शेवटी सर उठत, डावा हात उजव्या मनगटावर दाबून धरत आणि खालच्या कोपऱ्यात सही करत. सही व्हायला पाच मिनिटं लागत.

सर वाईट माणूस नव्हते. कृष्णाबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांनीच करवून आणलं. अनिताला ते अगं-तुगं करत, पण ओरडून कधी बोलले नाहीत. मात्र मुंबईचे पाहुणे आले की ओळख करून देत, "ही अनिता. घर बघते." मग ती चहा ठेवायला आत जाई. पाहुणे तिच्या घडीवरून बोट फिरवत, आणि स्वयंपाकघरात तिला त्यांचं हसणं ऐकू येई.

हे बाहेर बोलायचं नाही, असं कुणी तिला शपथेवर सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती. नितेश एवढंच म्हणाला होता, "दोन खोल्या हायत आपल्याला. ध्यानात ठेव."

तिनं ध्यानात ठेवलं. पण दुपारी सर झोपले की ती आपल्या खोलीमागे, अळवाच्या वाफ्याशी, एका प्लायवूडवर स्वतःचं चित्र करू लागली. चार महिने लागले. हिरव्यावर हिरवा, एकावर एक टाकलेल्या पातळ पट्ट्या, आणि सगळ्यांत वरची पट्टी कोपऱ्यात सुटून आलेली. पेणच्या एका कलामंडळाचं जिल्ह्याच्या चित्रकारांसाठी प्रदर्शन होतं. जुन्या साडीत गुंडाळून तिनं ते चित्र गाडीनं पेणला नेलं आणि रामवाडीजवळच्या त्यांच्या हॉलमध्ये देऊन आली. अर्जावर शिक्षणाच्या रकान्यात काय लिहावं ते तिला कळेना. रकाना तिनं कोरा ठेवला.

तीन आठवड्यांनी चित्र परत न्यायला बोलावणं आलं. मागे एक चिठ्ठी चिकटवली होती. अक्षर चांगलं होतं. "तंत्रावर हुकमत आहे. परंतु ज्येष्ठ चित्रकार दत्तात्रेय उकिडवे यांच्या शैलीची ही नक्कल आहे. स्वतःची वाट शोधावी."

पेण स्टेशनवर रोह्याच्या गाडीला सव्वा तास होता. तो सगळा वेळ ती बाकावर चित्र मांडीवर घेऊन बसली. राग कुणावर धरावा हेच तिला कळेना. लिहिणाऱ्यानं खोटं काही लिहिलं नव्हतं. त्याला जे दिसलं ते त्यानं लिहिलं. आपलाच हात आपल्याला परका ठरला, आणि तो आपला आहे असं सांगायला तोंड उघडावं तर त्या तोंडावर दोन खोल्या, नळ आणि सासूचं अळू.

मग तिनं ठरवलं, वाट शोधायची तर शोधू. सावली द्यायचीच नाही. सपाट रंग लावायचा आणि थांबायचं. तिनं पिवळा लावला, त्याच्याशेजारी जांभळा लावला आणि ब्रश खाली ठेवला. रंग तिच्याकडे बघत पडून राहिला. सावली न दिलेला रंग तिला उघडा वाटे, अंगावर काही न घालता दारात उभ्या केलेल्या माणसासारखा. दोन दिवस तिनं दम धरला. तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच कसल्यातरी विचारात असताना तिचा हात गेला आणि पिवळ्याच्या कडेखाली पातळ करडी रेघ ओढून मोकळा झाला. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी तिनं प्लायवूड उलटं करून भिंतीला लावून ठेवलं. ती वाट तिची नव्हतीच. तिची जी होती तिच्या तोंडाशी सरांचं नाव लागलं होतं.

पावसाळा संपता संपता प्रविण नावाचा एक जण कॅमेरा घेऊन मुंबईहून आला. सरांच्या मोठ्या प्रदर्शनाआधी पंधरा मिनिटांची फिल्म करायची होती. सरांनी बोलायचं ते खुर्चीत बसून नीट बोलले. मग प्रविण म्हणाला, "आता तुमचा हात हवा. घडी घालताना. जवळून."

सरांनी पाणी मागितलं. पाणी घेऊन नितेश गेला आणि परत आला तो सरळ अनिताकडे.

"सरांनी बांगड्या काढायला सांगितलंय," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता.

"कोणाला?"

"तुला. सरांचा कुडता घाल. तोंड नाय येणार म्हणतायत, नुसता हात येणार."

मग तिनं साबण लावून बांगड्या एकेक करून काढल्या आणि देवापुढच्या ताटलीत ठेवल्या. सरांचा कुडता खांद्यावर ढगळ झाला, पण बाही लांब होती, ती कामाची. प्रविणनं मनगटाला सरांचं घड्याळ बांधलं. ते घसरायला लागलं तशी आतून चिकटपट्टी लावली. बोटांवर राखाडी रंगाचा हात फिरवला, म्हणजे कातडी म्हातारी दिसावी. प्रविणनं तिला नाव विचारलं नाही. काय चाललंय हे त्याला पुरतं कळलं होतं, आणि आपल्याला कळलंय हे कुणाला कळू नये म्हणून तो सारखा दिव्यांबद्दल बोलत होता.

तिनं घडी घातली. गडद, मग पातळ, मग वरचा पांढरा. कॅमेरा तिच्या हाताच्या इतका जवळ होता की तिला त्याची उष्णता लागत होती. सर मागे खुर्चीत होते. घडी उभी राहिली तेव्हा प्रविणच्या तोंडून सुस्कारा निघाला.

फिल्म दिवाळीनंतर सगळीकडे फिरली. वरच्या आळीतल्या धोंडुबाईच्या मोबाइलवरही ती आली, कारण बंगला आपल्या नदीकाठचा म्हणून तिच्या पोरांनी ती कौतुकानं ठेवली होती. कृष्णाबाई तिच्याकडे सुपं आणायला गेल्या होत्या. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना सगळं लख्ख दिसायचं. त्यांनी ती फिल्म पुन्हा लावायला सांगितली, तिसऱ्यांदा सांगितली, आणि सुपं तिथंच ठेवून घरी आल्या.

अनिता तांदळाची भाकरी थापत होती. कृष्णाबाई तिच्याशेजारी बसल्या आणि परातीकडे बघत राहिल्या.

"गो अनिता," त्या म्हणाल्या, "भाकरी थापताना तुझी करंगळी अशी उभी ऱ्हाते. त्या फिल्ममदी सरांची पण तशीच उभी हाय."

अनिताचे हात थांबले.

"तो तुझा हात हाय ना?"

"व्हय."

"आणि ती चित्रं?"

अनितानं सगळं सांगितलं. सहा वर्षांत पहिल्यांदा ते शब्दांत आलं आणि तिच्या अपेक्षेपेक्षा थोडक्यात संपलं. भाकरी परातीतच सुकली. नितेश दारात येऊन उभा राहिला होता हे दोघींना उशिरा कळलं.

"आये, तू हे धोंडुबाईला बोलली नाय ना?" त्यानं विचारलं.

"नाय. पण बोलाय नको का?"

"बोलून काय व्हईल? खोल्या जातील. मग जायचं कुठं, पडवीत?"

"माझ्या डोळ्यांचं काय ते त्यांनी केलं," कृष्णाबाई हळू म्हणाल्या. "ते मी इसरणार नाय. पण त्याच डोळ्यांनी मला दिसलं, त्याला मी काय करू?"

नितेश नळ बंद करायला गेला, जो बंदच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनिता चहा घेऊन स्टुडिओत गेली आणि कप ठेवून परत फिरली नाही. सहा वर्षांत तिनं स्वतःहून खुर्ची ओढून घेतली नव्हती. त्या दिवशी घेतली. पेणची चिठ्ठी तिनं सरांपुढे ठेवली.

सरांनी ती दोनदा वाचली. "हे मला आधी का नाही दाखवलंस?"

"दाखवून काय केलं असतंत, सर?"

"मी आज खरं सांगितलं," ते म्हणाले, "तर उद्यापासून ही सगळी चित्रं खोटी ठरतील. ज्यांच्या भिंतीवर आहेत ते उतरवतील. माझी सही खोटी, आणि तिच्याबरोबर तुझ्या घड्याही गेल्या. लोक म्हणतील, फसवाफसवीत ही पण होती. तुझ्या हातात काय राहील?"

तिनं यावर रात्रंदिवस विचार केला होता, आणि तीही इथंच येऊन अडली होती. म्हणून तिला जास्त राग आला.

"मग मी काय करायचं? माझं चित्र मी कुठं लावायचं?"

"मी पत्र देतो. तू माझी शिष्या आहेस म्हणून. मग नक्कल म्हणणार नाहीत. परंपरा म्हणतील."

"सर," ती म्हणाली, "शिकवलं कोणी कोणाला?"

सरांचे दोन्ही हात मांडीवर थरथरत होते. त्यांनी ते लपवले नाहीत. "तू मला," ते म्हणाले. "पण ते मला लिहिता येणार नाही."

त्यांनी कागद पुढे ओढला, पेन उचललं. पहिलं अक्षर कागदाबाहेर गेलं. दुसऱ्या कागदावरही तेच झालं. तिसरा कागद त्यांनी न बोलता तिच्याकडे सरकवला. ते सांगत गेले आणि ती लिहीत गेली. "श्रीमती अनिता ही गेली सहा वर्षे माझ्या मार्गदर्शनाखाली चित्रकलेचे शिक्षण घेत आहे." मार्गदर्शनाखाली हा शब्द लिहिताना तिचं पेन अडलं, पण तिनं तो लिहिला. तिचं अक्षर वळणदार होतं. शेवटी सर उठले, डाव्या हातानं मनगट दाबून धरलं आणि खाली सही केली.

पुढच्या वर्षी पेणच्या त्याच हॉलमध्ये हिरव्या पट्ट्यांचं चित्र लागलं. चिठ्ठी लिहिणारेच गृहस्थ पुढे आले, सुशील नाव त्यांचं, शाळेत चित्रकला शिकवत. त्यांनी हात जोडून म्हटलं, "आम्हाला आधी माहीत असतं तर. सरांचं सगळं तुमच्यात उतरलंय." अनितानंही हात जोडले.

कृष्णाबाई नवं लुगडं नेसून आल्या होत्या. त्या चित्रापुढे गेल्या आणि कोपऱ्यातल्या सुटलेल्या पट्टीखाली त्यांनी अलगद बोट घातलं. बोट अडलं. त्यांनी सुनेकडे वळून बघितलं, आणि त्यांच्या तोंडावर ते हसू आलं जे अनितानं कितीतरी वर्षांत समोरासमोर पाहिलं नव्हतं. मग चित्राखालच्या कार्डाकडे बघून त्या म्हणाल्या, "काय लिवलंय?"

अनितानं वाचून दाखवलं. नाव, रंगाचा प्रकार, आणि खाली, दत्तात्रेय उकिडवे यांच्या शिष्या.

"एवढी खालची वळ झाकता येत नाय?"

"नाय, आये. त्या वळीवर तर चित्र लागलंय."

परतीच्या गाडीत कृष्णाबाई खिडकीशी बसून होत्या आणि नागोठणं गेल्यावर त्यांचा डोळा लागला.

पुढच्या मंगळवारी अनिता नेहमीसारखी स्टुडिओत गेली. मुंबईच्या एका हॉटेलसाठी पाच मोठी चित्रं करायची होती. सर खुर्चीत बसून म्हणाले, पहिल्याला करडा घे, गार करडा. तिनं रंग काढला. एवढ्यात दारात सावरून बसल्याचा आवाज झाला. कृष्णाबाई उंबऱ्याला पाठ टेकून बसल्या होत्या, पुढ्यात वालाचं सूप.

"काय हवंय, आजी?" सरांनी विचारलं.

"काय नको," त्या म्हणाल्या. "वाल निवडते. ती काम करते ते बघायला कोणतरी पायजे."

सरांनी मान खाली घातली. त्यांनी म्हातारीला उठवलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आता ती जागा कृष्णाबाईंचीच झाली आहे. मुंबईचे पाहुणे आले तरी त्या उठत नाहीत, आणि सर चित्रांबद्दल कुणाशी बोलताना अडखळले की त्या वालातून डोळे वर करून त्यांच्याकडे बघतात.